गाडी ऑईल का खाते? : एका गळतीचा इतिहास

जुनी मोटार घेऊन गॅरेजमध्ये येणाऱ्या माणसाच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. पहिली, ‘गाडी ऑईल खाते.’ दुसरी, ‘स्लोला गाडी थरथरते, मध्येच बंद पडते.’ ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत कुठेही गेलात तरी शब्द हेच. आणि पुष्कळदा मिस्त्रीचे उत्तरही ठरलेले असते : ‘रिंगा गेल्या. हाफ इंजिन करावे लागेल.’ म्हणजे इंजिन उघडायचे, दट्टे बाहेर काढायचे, रिंगा बदलायच्या, जमले तर सिलिंडर पुन्हा बोअर करून घ्यायचे. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च करावा की ती भंगारात घालावी, असा प्रश्न मालकापुढे उभा राहतो.

मिस्त्रीचे उत्तर कधी बरोबरही असते. पण हीच दोन्ही लक्षणे थोडक्या पैशांत मिळणारी एक रबरी नळी तुंबल्याने किंवा तिच्या टोकाची झडप अडकल्यानेही दिसू शकतात. हे कसे, ते कळायला इंजिनातल्या गळतीचा इतिहास थोडा मागून पाहावा लागतो. तो इतिहास मोटारीपेक्षा जुना आहे.

उदाहरणाला आपण प्रीमिअर पद्मिनी घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट कंपनीच्या परवान्याने गाड्या होऊ लागल्या, आणि त्यांतल्या ‘११००’ या गाडीला १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. याच कंपनीने १९९० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीबरोबर कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात ‘३०९’ ही गाडी काढली. ती भागीदारी दशक संपायच्या आतच मोडली. मुंबई-ठाण्याकडच्या मिस्त्रींच्या दोन पिढ्या मात्र शिकल्या त्या पद्मिनीवरच. कारण तिचे सगळे उघडे आणि हाताला लागणारे होते. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. वर्गात आकारमानाचे सूत्र शिकवताना हे आकडे मुलांना द्यावेत. चारही सिलिंडरांचे मिळून १,०८९ घन सेंटिमीटर येतात, आणि कंपनीच्या पत्रकातही तेच छापलेले असे.

सिलिंडर आणि दट्ट्या यांच्यामधली फट बुजवायची कशी, हा प्रश्न वाफेच्या इंजिनापासूनचा. न्यूकोमेनच्या इंजिनात दट्ट्याच्या कडेला चामडे आणि वर पाण्याचा थर असे. जेम्स वॅटची कल्पना उत्तम होती, पण त्याला गोल सिलिंडरच मिळेना. ओतून केलेले सिलिंडर वाकडेतिकडे असत आणि वाफ कडेने निसटे. १७७५ मध्ये जॉन विल्किन्सनने सिलिंडर कातण्याचे यंत्र केले. पन्नास इंच व्यासाच्या त्याच्या सिलिंडरात जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक नसते, असे वॅटच्या भागीदाराने समाधानाने कळवले होते. आज आपल्याला ती चूक प्रचंड वाटेल. उरलेली फट तागाच्या दोरीने बुजवीत, आणि ती दोरी सतत झिजे, जळे, बदलावी लागे.

यावरचा खरा उपाय १८५२ मध्ये मँचेस्टरच्या रेल्वे कारखान्यातल्या जॉन रॅम्सबॉटमने काढला. धातूची, एका ठिकाणी छेद दिलेली रिंग. ती सिलिंडरापेक्षा किंचित मोठी करून दाबून आत बसवायची, म्हणजे ती स्वतःच्याच ताणाने भिंतीला टेकून राहते. झिजली तरी फाकते आणि टेकतेच. लगेच पुढच्या वर्षी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून ठाण्याला आपल्याकडची पहिली प्रवासी गाडी आली, आणि १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले. म्हणजे रिंग आणि ठाण्याची आगगाडी एकाच वयाच्या. आज स्कूटरपासून जहाजापर्यंत दट्ट्याचे जे इंजिन आपण पाहतो, त्यात तत्त्वाने हीच रिंग आहे.

मात्र रिंगेला छेद आहे हे विसरायचे नाही. त्या छेदातून, आणि रिंग ज्या खाचेत बसते त्या खाचेतून, थोडा वायू खाली जाणारच. उलट बाजूने थोडे ऑईल वर यायलाही हवे, नाहीतर रिंग आणि भिंत एकमेकांना खाऊन टाकतील. तेव्हा ‘ऑईल अजिबात न खाणारे’ इंजिन ही कल्पनाच चुकीची. प्रश्न किती खाते एवढाच आहे. समजा, एखादी पद्मिनी पाचशे किलोमीटरमध्ये एक लिटर ऑईल खाते. ताशी साठ किलोमीटर वेग आणि मिनिटाला २,५०० फेरे धरले, तर पाचशे मिनिटांत साडेबारा लाख फेरे होतात. चार सिलिंडरांच्या चार-धावी इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे पंचवीस लाख स्फोट. एका मिलिलिटरचे वीस थेंब धरले तर सव्वाशे स्फोटांमागे एक थेंब पडतो. गिऱ्हाईक ज्याला ‘ऑईल पिणे’ म्हणते ते एवढेच आहे, आणि तरीही ते फार आहे.

दुसऱ्या बाजूने, गाडी उभी असताना खाली मिनिटाला एक थेंब गळत असेल तर दहा तासांच्या रात्रीत सहाशे थेंब, म्हणजे तीस मिलिलिटर. महिन्याला जवळजवळ एक लिटर. म्हणून ऑईल जळते की गळते हे आधी ठरवायचे. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवणे ही पहिली आणि सर्वांत स्वस्त चाचणी. ती किती कमी लोक करतात याचे नवल वाटते.

आता रिंगांना चुकवून खाली येणाऱ्या वायूकडे वळू. हा वायू क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पेटीत, साठतो. त्याला वाट दिली नाही तर पेटीत दाब वाढेल आणि तो गॅस्केट, ऑईल सील, डिपस्टिकची नळी, जिथे जागा सापडेल तिथून ऑईलसकट बाहेर पडेल. जुन्या गाड्यांत यासाठी एक साधी नळी खाली रस्त्याच्या दिशेने सोडलेली असे. गाडी धावू लागली की तिच्या टोकाजवळून वाहणाऱ्या वाऱ्याने आतला वायू ओढला जाई. गाडी उभी असली की ओढ नाही. तेव्हा इंजिन स्वतःच्याच वाफांत घुसमटत राही. शिवाय ऑईलचा ओघळ रस्त्यावर पडे तो वेगळा.

दुसऱ्या महायुद्धात या नळीची एक वेगळीच अडचण झाली. रणगाडे नदीतून, समुद्रकाठच्या पाण्यातून न्यायचे, तर ही नळी पाण्याखाली जाणार. मग ती बाहेर न सोडता इंजिनाच्या स्वतःच्या श्वासनलिकेला, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डला जोडली. इंजिन हवा ओढते, त्याबरोबर क्रँककेसमधला वायूही ओढून जाळून टाकते. वाटेत एक छोटी स्प्रिंगची झडप बसवली. युद्ध संपल्यावर ही युक्ती बहुतेक विसरली गेली, आणि परत आली ती अगदी वेगळ्या दारातून.

लॉस एंजेलिस शहरावर १९४० च्या दशकात डोळे झोंबवणारे धुके पसरू लागले. अननसाच्या स्वादाचे रसायनशास्त्र अभ्यासणारे आरी हागेन-स्मिट नावाचे प्राध्यापक या धुक्याच्या मागे लागले. न जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की ओझोन आणि इतर झोंबणारे पदार्थ तयार होतात, हे त्यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले. मोटार कंपन्यांना ते पचायला वेळ लागला. मग गाडीतून न जळलेले पेट्रोल कुठून कुठून निघते याचा शोध सुरू झाला, तेव्हा साधारण एक पंचमांश हिस्सा धुराच्या नळकांड्यातून नव्हे तर रस्त्याकडे सोडलेल्या त्या साध्या नळीतून येतो असे आढळले. रणगाड्याची झडप पुन्हा बाहेर काढली गेली. १९६१ च्या मॉडेलपासून ती कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर आली, १९६३ पासून सगळ्या अमेरिकेत. तिला पीसीव्ही झडप म्हणतात. मोटारीवर निव्वळ हवेसाठी बसवलेले हे पहिले यंत्र.

या झडपेमुळे एक गोष्ट मात्र कायमची बदलली. तोपर्यंत ऑईलची गळती आणि आयडलिंगची थरथर हे दोन स्वतंत्र आजार होते. आता तळची पेटी आणि श्वासनलिका एकमेकींना जोडल्या गेल्या. झडप काजळीने बंद अडकली तर पेटीत दाब वाढतो आणि धडधाकट सीलमधूनही ऑईल बाहेर येते. ती उघडी अडकली किंवा नळी फाटली, तर मॅनिफोल्डमध्ये नको असलेली हवा शिरते आणि आयडलिंग बिघडते. दोन्ही तक्रारी एकदम घेऊन गाडी आली, तर पहिला संशय या जोडणीवर घ्यायला हवा. काही जुन्या गाड्यांत ही नळी मॅनिफोल्डऐवजी एअर क्लीनरला जोडलेली असते. तिथे फाटक्या नळीने आयडलिंग बिघडत नाही, पण तुंबलेल्या नळीने ऑईल गळते ते गळतेच.

फाटक्या नळीने गाडी फक्त स्लोलाच का थरथरते, पळताना का नाही? ऊर्ध्व माध्यमिकच्या मुलांना हा प्रश्न जरूर घालावा. आयडलिंगला कार्ब्युरेटरची थ्रॉटल जवळजवळ बंद असते आणि दट्टे मात्र हवा ओढत असतात. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये दाब फार उतरतो. ठाणे-कल्याणसारख्या समुद्रसपाटीजवळच्या गावी चांगल्या इंजिनात हा उतार पाऱ्याच्या ४३० ते ५३० मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे आत वातावरणाच्या दाबाचा साधारण तिसरा हिस्साच उरतो. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर आपली पद्मिनी अशा वेळी मिनिटाला सुमारे दीडशे लिटर हवा घेते. आता नळीला फक्त दोन मिलिमीटरचे भोक पडले, तरी दाबातल्या या फरकामुळे त्यातून मिनिटाला पंचवीसेक लिटर हवा आत घुसते. एक षष्ठांश! आणि या चोरट्या हवेबरोबर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल येत नाही. मिश्रण पातळ होते, एखाद्या सिलिंडरात ठिणगी पडूनही पेट घेत नाही, गाडी ‘मिसिंग’ करते. तेच इंजिन थ्रॉटल उघडून मिनिटाला २,५०० फेऱ्यांनी फिरू लागले की त्याची हवा तेराशे लिटरपर्यंत जाते, आतला दाबही बाहेरच्या जवळ येतो, आणि त्या भोकाला काही किंमत उरत नाही.

हाच दाबाचा उतार ऑईल कुठून जाते तेही सांगतो. इनटेक व्हॉल्व्ह ज्या गाइडमध्ये वरखाली होतो तो गाइड झिजला, तर वरचे ऑईल या ओढीने थेंबाथेंबाने सिलिंडरात उतरते. ओढ सर्वांत जास्त कधी? थ्रॉटल बंद असताना. कल्याणचा जुना पत्री पूल २०१८ मध्ये पाडला आणि नवा २०२१ च्या जानेवारीत खुला झाला. त्या मधल्या काळात ज्यांनी तिथल्या रांगांत वेळ काढला असेल, त्यांनी एक दृश्य पाहिले असण्याची शक्यता आहे. बराच वेळ स्लोला उभी असलेली एखादी जुनी गाडी निघताना निळा लोट सोडते आणि शंभर पावलांवर तिचा धूर स्वच्छ होतो. दोष बहुधा गाइडचा. कसारा किंवा माळशेज घाट उतरताना पायथ्याशी पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की असाच लोट येतो. उलट घाट चढताना, इंजिनावर भार असताना धूर सतत येत राहिला, तर रिंगांकडे बोट जाते. हा नियम काटेकोर नाही, कारण झिजलेल्या रिंगाही ओढीच्या वेळी ऑईल वर येऊ देतात; पण दिशा दाखवायला पुरेसा आहे. आणि गाइडच्या दोषाला खालचे इंजिन उघडावे लागत नाही. हेड उतरवले की काम होते, काही गाड्यांत तर नुसत्या वरच्या रबरी सील बदलल्या तरी भागते.

धूर निळाच का दिसतो? ऑईलचे कण इतके बारीक असतात की ते निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त विखुरतात. एकोणिसाव्या शतकात जॉन टिंडलने प्रयोगशाळेत दाखवलेला हा परिणाम आहे. तोच धूर उजळ आकाशासमोर धरून पाहिला तर तपकिरी वाटतो. म्हणून रंगावरून निर्णय देताना पाठीमागे काय आहे तेही पाहावे. काळा धूर हा पेट्रोल जास्त झाल्याचा, पांढरा आणि टिकणारा धूर पाणी आत शिरल्याचा. पावसाळ्यातल्या सकाळी नळकांड्यातून निघणारी आणि विरून जाणारी वाफ यात धरायची नाही.

निदानाची सर्वांत देखणी चाचणी कॉम्प्रेशनची. इंजिन गरम करायचे, सगळे प्लग काढायचे, कॉइलची वायर सोडवायची, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि एकेका भोकात दाबमापक लावून स्टार्टर फिरवायचा. चारही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एक खूपच कमी आला, तर त्या सिलिंडरात चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजायचा. आकडा वर चढला तर गळती रिंगांची, कारण ऑईलने ती फट तेवढ्यापुरती बुजवली. तसाच राहिला तर गळती वर, व्हॉल्व्हची किंवा हेड गॅस्केटची. तिथे ऑईल पोचलेच नाही. एकाच वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, ही प्रयोगाची शिस्त पाठ्यपुस्तकात पानभर समजावलेली असते. इथे ती चमचाभर ऑईलमध्ये आहे. आणि हाफ इंजिनचा निर्णय सांगण्याआधी ही चाचणी झाली होती का, असे विचारण्याचा मालकाला हक्क आहे.

त्याही आधी करायची तपासणी आणखी सोपी. पीसीव्ही झडप काढून कानाशी हलवावी. आतला तुकडा खुळखुळ्यासारखा वाजला पाहिजे. नंतर ती परत बसवून, इंजिन स्लोला चालू ठेवून, ऑईल भरण्याचे झाकण उघडावे आणि तोंडावर कागदाचा कपटा धरावा. कपटा हलका आत ओढला गेला तर जोडणी ठीक. तो उडून जात असेल तर नळी तरी तुंबली आहे किंवा वायू फार खाली येतो आहे. नळी साफ करून पुन्हा पाहावे. मॅनिफोल्डच्या सांध्यावर आणि नळ्यांवर साधे पाणी फवारले आणि इंजिनाचा आवाज बदलला, तर चोरटी हवा तिथेच शिरते. या कामाला पेट्रोल वापरणारे लोक आहेत; गरम इंजिनावर तसे करणे म्हणजे आगीला आमंत्रण. चालत्या इंजिनाजवळ ओढणी, सैल बाही आणि मुलांचे हात येऊ देऊ नयेत हेही सांगायला हवे.

आयडलिंगचा प्रश्न आपल्याकडे सरकारदरबारी गेला तो १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमुळे. पीयूसीची चाचणी तेव्हा गाडी उभी ठेवून, स्लोलाच होत असे. त्या नियमांत पेट्रोलच्या चारचाकीला धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालत असे, आणि फक्त तोच मोजला जाई. याचा परिणाम मजेशीर झाला. नळी फाटून चोरटी हवा शिरली की मिश्रण पातळ होते आणि कार्बन मोनॉक्साइड घटतो. म्हणजे थरथरणारी, मिसिंग करणारी, न जळलेले पेट्रोल हवेत सोडणारी गाडी या चाचणीत चांगल्या गाडीपेक्षाही सरस ठरू शकत होती! कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा आवळून आकडा खाली आणणेही अवघड नव्हते. हागेन-स्मिट यांनी ज्याला धुक्याचा कच्चा माल म्हणून दाखवले होते, ते न जळलेले हायड्रोकार्बन आपल्या पीयूसीत मोजले जाऊ लागले २००४ च्या ऑक्टोबरपासून. भारत स्टेज दोनच्या आधीच्या चारचाकींना दहा लाख भागांत १,५०० भाग ही मर्यादा, त्यानंतरच्या गाड्यांना त्याहून कडक. तेव्हा कुठे एका सिलिंडराचे मिसिंग यंत्राच्या पडद्यावर दिसू लागले. मधली पंधरा वर्षे ठाणे-कल्याणच्या कोंडीत उभे राहणाऱ्यांनी जे हुंगले, त्याची कुठल्याच पावतीवर नोंद नाही.

जुन्या गाड्यांच्या आयडलिंगला आणखी एक धक्का याच काळात बसला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. ते यायलाच हवे होते. शिसे मुलांच्या मेंदूला घातक आहे. पण पेट्रोलमधल्या शिशाचा एक पातळ थर व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसून तिला झिजेपासून वाचवीत असे. शिसे गेल्यावर मऊ बैठकींच्या जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह हळूहळू आत रुतू लागले. टॅपेटमधले अंतर अशा वेळी वाढत नाही, घटते. त्यामुळे टॅपेटचा आवाज येत नाही आणि संशयही येत नाही. इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि गाडी थंड असताना ठीक, गरम झाल्यावर स्लोला थरथरते. फीलर गेजने अंतर तपासले की उलगडा होतो.

पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ३० ऑक्टोबर २०२३ ला नियमाने उतरली. शेवटची गाडी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली होती आणि टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची. खासगी गाड्यांना असा सरसकट आकडा नाही. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करायचे, त्यासाठी गाडी तपासून घ्यायची. एमएच-०४ आणि एमएच-०५ च्या पाट्या लावलेल्या काही जुन्या गाड्या अजून या तपासणीला येतात. नव्या गाड्यांत संगणक आयडलिंग सांभाळतो. चोरटी हवा शिरली तरी तो पेट्रोल वाढवून थरथर झाकतो आणि फार झाले तर डॅशबोर्डवर दिवा लावतो. दिवा लागला म्हणून महागडा सेन्सर बदलून पाहणारे आहेत. झडप, नळी आणि कागदाचा कपटा मात्र त्याही गाडीला लागू आहेत.